निरीक्षकाचा रकाना

केतकी,

गेल्या शनिवारी तुझ्या आईवडिलांच्या गावी, चँडलरच्या हॉलमध्ये, तुझ्या शोकसभेला जमलेली माणसं एकदा अगदी मनापासून हसली. तुला हे सांगायला हवं, कारण ज्या गोष्टीला ती हसली, ती गोष्ट तुझी नव्हती. माझी होती.

आपले प्रोफेसर मिझुरीहून स्क्रीनवर आले होते. आधी ते म्हणाले की तुझ्याइतकी हुशार विद्यार्थिनी त्यांना पुन्हा मिळाली नाही. मग म्हणाले, "फक्त एक होतं, तिला थांबता येत नसे." आणि मग त्यांनी नऊ नंबरच्या मादीची गोष्ट सांगितली. रानटर्कीची मादी अंड्यांवर बसली होती, ती मेली असं समजून तू सरळ घरट्यावर चालून गेलीस, मादी तुझ्या तोंडावर पंख मारून उडाली आणि तू मागच्या मागे काटेरी झुडपात बसलीस. हे सगळं त्यांनी हातवारे करून दाखवलं. हॉल हसला. तुझे बाबा, म्हणजे काका, हसले. काकू तोंडाला रुमाल लावून हसत होत्या आणि त्याच रुमालाने डोळे पुसत होत्या. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून मान हलवली, "काय पोरगी होती यार!" आणि मीही हसलो.

त्या काटेरी झुडपात बसलो होतो तो मी.

हे दोघांनाच माहीत होतं. त्या हॉलमध्ये ते एकालाच माहीत होतं.

मी आलो तो जानेवारी महिना तुला आठवत असेल. चिमूरहून निघालेल्या, वनखात्यात रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाच्या मुलाला, विहाराच्या अभ्यासिकेत रात्रंदिवस बसून परीक्षा दिलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला विमानतळावर घ्यायला तू चिखलाने माखलेला पिकअप घेऊन आली होतीस. मी हात जोडून म्हटलं, "नमस्कार मॅडम." तू आजूबाजूला बघितलंस, कुणाला बोलतोय हा म्हणून.

"मॅडम? ओ गॉड. माझ्या आईलासुद्धा कोणी मॅडम म्हणत नाही. केतकी. आणि तो स्वेटर बॅगेत टाक, तो मॉलमध्ये जायचा स्वेटर आहे. मागे माझा जुना कोट आहे, तो घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मक्याचे दाणे पसरून जाळं लावून बसलो. पहिला कळप जाळ्याखाली आला, तू मादी मांडीत धरलीस, तिच्या डोळ्यांवर कापडी टोपी ओढलीस, पाठीवर दप्तरासारखा छोटा ट्रान्समीटर बांधलास आणि मला वजन लिहायला सांगितलंस. माझे हात गारठले होते. मी वजन चुकीचं लिहिलं आणि सवयीने पेन्सिल उलटी करून खोडायला लागलो. तू ओरडलीस. एवढ्या जोरात ओरडलीस की मांडीतली मादीसुद्धा दचकली.

"खोडायचं नाही! फील्डच्या कागदावर कधीच खोडायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिही आणि सही कर. म्हणजे नंतरच्या माणसाला कळतं काय चुकलं, कोणी चुकवलं आणि कोणी दुरुस्त केलं."

मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तू पक्कडीने तिच्या टोकाचं खोडरबर उपटून काढलंस आणि पेन्सिल परत दिलीस. सगळ्या क्रूच्या पेन्सिलींची टोकं अशीच बोडकी होती. तो तुझा नियम होता. महिन्याभरात माझं ठसठशीत अक्षर बघून तू मला गुरुजी म्हणायला लागलीस. क्रूमधल्या अमेरिकन मुलांना वाटायचं तेच माझं नाव आहे. तीही मला "गुरुजी" म्हणून हाका मारायची, आणि तुला "कॅट".

मला तुझ्याकडून काय मिळालं याची यादी करायची नाही. ड्रायव्हिंग तू शिकवलंस, कापणी झालेल्या मक्याच्या शेतात, "धडकायला काही नाहीये, घाबरतोस कोणाला" असं म्हणत. अंगावर चढलेली गोचिडं चिकटपट्टीने कशी काढायची ते तू दाखवलंस. हॅलपिन्यो मिरचीचा ठेचा मी करायचो आणि तू तो टॉर्टियाच्या पोळीला लावून खायचीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि म्हणायचीस, "यार, आईला सांगू नको, तिच्या सगळ्या भाज्यांपेक्षा हे भारी आहे." प्रोफेसरांसमोर बोलताना माझं इंग्रजी अडखळलं की तू मधे पडायची नाहीस, थांबायचीस. दुसरं कोणीही असतं तर त्याने माझं वाक्य पूर्ण केलं असतं. तू माझं वाक्य मलाच पूर्ण करू द्यायचीस.

तुला थांबता येत नसे, असं ते म्हणाले. आणि मी हसलो.

ज्यांना आपलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण हा लेख चँडलरच्या मराठी मंडळाच्या अंकात जाणार आहे. रानटर्की म्हणजे मोराच्या आणि कोंबडीच्या कुळातला इथल्या जंगलातला मोठा पक्षी. वसंतात मादी जमिनीवरच, पानांत, दिवसाला एक अशी दहा-बारा अंडी घालते आणि मग अठ्ठावीस दिवस त्यांच्यावर बसते. आम्ही दूर उभं राहून अँटेनाने तिच्या पाठीवरच्या ट्रान्समीटरचा आवाज ऐकतो. टक्, टक्, टक्. ती जिवंत असेल तर आवाज सावकाश येतो. कित्येक तास ती हललीच नाही, तर यंत्र समजतं की मेली, आणि टकटक दुप्पट वेगाने वाजू लागते. अडचण एवढीच, की अंड्यांवर बसलेली मादी कधीकधी इतकी निश्चल बसते की यंत्र फसतं. म्हणून नियम असा, की मादी बसायला लागलेली असताना मेल्याचा सिग्नल आला तर जवळ जायचं नाही. दूर बसून ऐकायचं. ती अंडी फिरवायला एकदा जरी हलली तरी टकटक पुन्हा सावकाश होते. सुरुवातीच्या दिवसांत माणूस जवळ गेला आणि ती उठली, तर बहुतेक वेळा ती परत येत नाही.

हा नियम मला पाठ होता. पण नऊ नंबरच्या दोन आठवडे आधी दुसऱ्या एका मादीचा सिग्नल आला होता तेव्हा मी नियमाने थांबलो होतो. ती खरोखर मेली होती. मी पोचलो तोवर नुसती पिसं उरली होती आणि तिला कोणी खाल्लं ते कळायला मार्ग नव्हता. सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रोफेसर सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या वेळी पळत जा." माझ्यासाठी ते वाक्य नव्हतं, हुकूम होता. मी ज्या शाळेत शिकलो तिथे गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागायची नाही.

त्या सकाळी मी डेलच्या कुरणात होतो. डेल म्हणजे ज्याच्या जमिनीवर तुझा सगळा अभ्यास उभा होता तो म्हातारा शेतकरी. त्याने आपलं ओकचं रान तुकड्यातुकड्याने जाळून मोकळं केलं होतं, आणि जाळलेल्या रानात माद्या घरटी करतात का, हाच तुझा प्रश्न होता. नऊ नंबर तिथेच बसली होती, जेमतेम चार दिवस झाले होते. डेल तिला "माझी म्हातारी" म्हणायचा. हिवाळ्यात ती त्याच्या टपालपेटीखाली दाणे टिपायला यायची.

टकटक दुप्पट झाली. मी वॉकीटॉकीवर तुला बोलावलं. तू पलीकडच्या डोंगरावर होतीस.

"केतकी, नऊ मेली."

"नऊ बसलीये, गुरुजी. थांब."

"सिग्नल फास्ट आहे. वीस मिनिटं झाली."

"वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. दोन तास दे तिला. मी येतेय, आत जाऊ नको."

"सर म्हणाले होते पळत जा."

"सर गेले खड्ड्यात. प्रवीण, आत जाऊ नको."

तू मला प्रवीण म्हणालीस. आयुष्यात तेवढं एकदाच. मी आणखी दहा मिनिटं थांबलो आणि आत गेलो. ती माझ्या बुटापासून दोन हातांवर होती. मला ती दिसलीच नाही, पानांसारखीच दिसते ती. एकदम पंखांचा फटका बसला, मी मागे पडलो, आणि उठून बघतो तर अकरा अंडी. एकावर माझ्या टाचेचा चिखल लागला होता.

तू आलीस तेव्हा मी तिथून लांब, पिकअपच्या मागच्या फळीवर बसलो होतो. मला वाटलं तू ओरडशील. तू माझ्या शेजारी बसलीस आणि पायावरची गोचिडं चिकटपट्टीने काढायला लागलीस. बराच वेळ काढत होतीस. मग कागद मागितलास.

"निरीक्षक कोण लिहू?"

"मी."

"तुझा व्हिसा सरांच्या सहीवर आहे. माझा अमेरिकन पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मला कोण कुठे पाठवणार? चँडलरला? सिम्पल आहे."

आणि तू निरीक्षकाच्या रकान्यात तुझी दोन अक्षरं लिहिलीस. के. जे. खोडरबर नसलेल्या पेन्सिलीने.

मी नको म्हणालो नाही. यावर सात वर्षं मी स्वतःला निरनिराळी कारणं दिली आहेत. मी घाबरलो होतो, तू क्रूची प्रमुख होतीस, तुझं ऐकायची सवय होती. सगळी खरी आहेत. पण मी नको म्हणालो नाही, हे त्याहून खरं आहे.

मादी परत आली नाही. दोन दिवसांनी कावळ्यांनी अंडी फोडली, आणि ती डेलने पाहिली. त्याने फाटकाला नवीन कुलूप लावलं आणि प्रोफेसरांना फोन करून सांगितलं, "मी तुमच्या पोरांना पक्षी बघायला आत घेतलं होतं, तुडवायला नाही." त्या एका फाटकाबरोबर तुझा अभ्यास संपला. जाळलेलं रान दुसरीकडे कुठे नव्हतं. प्रोफेसरांनी क्रू तुझ्याकडून काढून माझ्याकडे दिला, कारण मी "काळजीपूर्वक काम करणारा" होतो. पीएच.डी. सोडून तू मास्टर्सवर थांबलीस आणि चँडलरला जाऊन शाळेत मुलांना विज्ञान शिकवायला लागलीस. तुझं काम बुडवलं ते मी, दोष घेतलास तो तू, आणि तुझ्या जागेवर बसलो तोही मीच. असं एकापाठोपाठ एक लिहिलं की किती सोपं दिसतं. सिम्पल.

या शब्दाचा मला राग येतो, केतकी. तू गेल्यावर माणसाने असं लिहू नये हे मला कळतं, पण खोटं लिहायचं असतं तर मी हा लेख लिहायलाच बसलो नसतो. माझ्या आईने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली, की शिक आणि कुणाच्या उपकारावर उभा राहू नकोस. तू मला न विचारता उपकारावर उभं केलंस. तुला ते सोपं होतं, कारण तुझ्या पायाखाली जमीन होती. माझ्या चुकीची शिक्षा भोगायचा हक्कसुद्धा तू माझ्याकडून काढून घेतलास. कदाचित मला परत पाठवलं असतं. कदाचित प्रोफेसर नुसते रागावून गप्प बसले असते. आपल्याला कधी कळलंच नाही, कारण तू ते दार उघडूच दिलं नाहीस. आणि मी ते ढकलून पाहिलं नाही.

माझ्या प्रबंधाचा विषय तुला माहीत आहे. अंड्यांवर बसलेली मादी किती वेळ न हलता बसते. लोक त्याबद्दल माझं कौतुक करतात. आता मी नोकरी करतो त्या वन्यजीव खात्यात नवीन मुलांना प्रशिक्षण देताना मी नऊ नंबरची गोष्ट सांगतो. "माझ्या एका सहकाऱ्याने घाई केली," असं म्हणतो. नाव घेत नाही. नाव न घेणं हा माझा मोठेपणा आहे असं मला काही वर्षं वाटत होतं.

प्रबंध पास झाला त्या दिवशी मी तुला फोन केला होता. तू शाळेच्या पार्किंगमध्ये होतीस, मागे मुलांचा गलका होता. तू किंचाळलीस, "डॉक्टर गुरुजी!" मग थोडं बोलणं झाल्यावर मी म्हणालो, "मी सरांना सांगू का, नऊचं?"

तू म्हणालीस, "मला का विचारतोस?"

"तुझं नाव आहे त्यात म्हणून."

"नाही. तू विचारतोस कारण मी 'नको' म्हणावं असं तुला वाटतं. ज्याला सांगायचं असतं तो विचारत नाही, सांगतो. बरं, घे. नको. हॅपी?"

"केतकी, असं नाही."

"असंच आहे, गुरुजी. माझी बेल झाली. जाते."

हे भांडण तिथेच राहिलं. त्यानंतर आपण शंभर वेळा बोललो असू, तुझ्या विद्यार्थ्यांबद्दल, माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल, पण त्या पार्किंगच्या जवळपासही कोणी गेलं नाही. तुझ्या बाजूने तो राग होता की माया, हे मला विचारायचं होतं. विचारलं असतं तर तू पुन्हा म्हणाली असतीस, मला का विचारतोस.

मग गेल्या शरद ऋतूत तुझा तो व्हॉइस मेसेज आला. आधी तू मांजराबद्दल बोललीस, मग शाळेतल्या बदकाच्या पिल्लांबद्दल, आणि शेवटी, जणू राहून गेलं होतं म्हणून, कॅन्सरचं सांगितलंस. मी तीनदा ऐकला. मी लगेच यायला हवं होतं. हिवाळ्यात जाळी लावायची होती. मार्चमध्ये माद्यांचे कळप फुटायला लागले. आपल्या धंद्यात मार्च ते जुलै कोणी लग्न करत नाही, कोणी आजारी पडत नाही, कुणाच्या बारशाला जात नाही. घरच्यांना आपण तसं शिकवून ठेवलेलं असतं. एप्रिलमध्ये तू विचारलंस, "सीझन कसा आहे?" मी लिहिलं, "पहिल्या माद्या बसल्या. सीझन संपला की येतो. नक्की." समोरासमोर बसून सगळं बोलायचं असं मी ठरवलं होतं. फोनवर नको, नीट बोलू.

तू लिहिलंस, "ये. थांबते मी. मला थांबता येतं."

तो टोमणा होता की काय, तेव्हा कळलं नाही. आता कळतो.

मे महिन्यात तुझे मेसेज कमी झाले. पाच दिवस काहीच आलं नाही. मला वाटलं विश्रांती घेत असशील, त्रास देऊ नये, जवळ जाऊ नये. न हलणारी मादी मेली असं समजून मी एकदा पळत गेलो होतो. या वेळी मी नियमाने लांब बसून राहिलो. सहाव्या दिवशी काकांचा फोन आला. मी रानात होतो, हातात अँटेना होता, आणि समोर टकटक अगदी सावकाश, नीट चालू होती.

शोकसभेनंतर काकूंनी मला घरी नेलं. स्वयंपाकघरात त्या डबा भरत होत्या. तुझ्या घरातून कोणी रिकाम्या हाताने जात नाही. पाठमोऱ्या उभ्या राहून त्या म्हणाल्या, "घाईच करायची रे ती. लहानपणापासून. चालायच्या आधी पळायला लागली होती. आणि बघ, जायचीसुद्धा घाई." मग वळून म्हणाल्या, "प्रवीण, मंडळाच्या अंकात तिच्यासाठी दोन पानं ठेवलीत. तू चार ओळी लिही. ती कोंबडीची गोष्ट लिही ना. सगळ्यांना आवडली."

मी म्हटलं, "हो काकू."

डबा घेतला आणि रविवारी विमान पकडलं. डब्यात शंकरपाळ्या होत्या. मी तो अजून उघडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी चार तास गाडी चालवून युनिव्हर्सिटीत गेलो. प्रोफेसर आता बरेच थकले आहेत. मी उभ्या उभ्या सांगितलं. घरट्यावर मी गेलो होतो, केतकीने थांब म्हटलं होतं, कागद तिने माझ्यासाठी खोटा भरला. ते चष्मा काढून पुसत राहिले.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "मला तेव्हाच थोडी शंका आली होती. हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं. पण ती म्हणाली मीच, मग मी काय करणार?"

"मग तुम्ही परवा ती गोष्ट का सांगितलीत?"

"अरे, शोकसभा होती. लोकांना थोडं हसू द्यावं." मग हळूच, "प्रवीण, तुझी नोकरी आहे, नाव झालंय. एक घरटं, सात वर्षांपूर्वीचं. आता तिला काय फरक पडतो?"

सात वर्षं मी ज्या माणसाला घाबरून होतो, त्याला शंका होती. त्याला सगळ्यांनाच बरं पडेल असं सोयीचं खोटं हवं होतं, आणि तू ते त्याला घरपोच दिलंस, आणि मी दाराशी उभा राहून बघितलं. मला त्यांचा राग आला, आणि लगेच कळलं की रागवायचा हक्क असलेलं एकच माणूस होतं, आणि ते त्या खोलीत नव्हतं.

मी म्हटलं, "तिच्या आईला पडतो." आणि त्या सीझनच्या कागदांची पेटी मागितली.

पेटी उघडायच्या आधी मी काकूंना फोन केला. व्हरांड्याच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. वॉकीटॉकीवर तू काय म्हणालीस ते शब्दन्‌शब्द सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "म्हणजे ती थांबली असती?"

"हो काकू. ती दोन तास थांबली असती. मला थांब म्हणाली होती."

"दोन तास."

"हो."

"आणि तू सात वर्षं." त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "माझ्या घरी जेवून गेलास रे तू. दिवाळीला आला होतास. मी तुझ्यासमोर तिला बोलले होते, घाई नडते म्हणून. तू पानावर बसला होतास."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी फोन ठेवला. मी त्या पायरीवरच बसून राहिलो. अर्ध्या-पाऊण तासाने मेसेज आला. "चार ओळीत होणार नाही. सगळं लिही. मी छापायला सांगते." खाली नमस्कार नाही, नाव नाही. त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतलेला नाही. घ्यावा असं मी म्हणणार नाही.

मग मी पेटी उघडली. नऊ नंबरचा कागद अजून चांगला आहे, पावसात न भिजणारा तो जाड पिवळसर कागद. घरट्याची जागा, अंडी अकरा, कारण: माणसाच्या वावरामुळे सोडलं. शेरा लिहायच्या जागी तू काहीच लिहिलं नव्हतंस. मी तिथे सात वर्षं काहीतरी असेल असं धरून चाललो होतो. एखादी खूण, एखादा टोमणा, माझ्यासाठी ठेवलेलं काहीतरी. काही नाही. कोपऱ्यात चिकटपट्टीचा एक तुकडा, त्यात वाळलेलं गोचीड.

लॅबच्या टेबलावरच्या पेन्सिलींना सगळ्यांना खोडरबर होतं. आता नियम बदलला असेल, किंवा शिकवणारं कोणी उरलं नसेल. मी एक घेतली आणि दाताने तिचं खोडरबर उपटलं.

निरीक्षकाच्या रकान्यात तुझ्या दोन अक्षरांवर एक आडवी रेघ मारली आहे, केतकी. शेजारी माझं पूर्ण नाव लिहिलं आहे आणि सही केली आहे. रेघ बारीक आहे. खालचं के. जे. वाचता येतं.